थंडीतली गरम टॉडी: कोरा चहा, रम आणि घालायचा क्रम

डिसेंबर लागला की तेच ऐकायला मिळतं. "चहात रम घातली, पण नुसती कडू लागली." "लिंबू पिळलं आणि सगळी मजा गेली." "पहिल्याच घोटाला ठसका लागला." कशी केली विचारलं तर उत्तरही ठरलेलं असतं. पातेल्यात पाणी, चहा पावडर, आलं, गूळ, दालचिनी, लिंबू असं सगळं एकदम टाकलं, खळखळ उकळलं आणि गॅस चालू असतानाच वरून रम ओतली. म्हणजे घरात रोजचा चहा होतो तशीच.

चूक तिथेच होते. रोजच्या चहाला उकळी सोसते, कारण त्यात दूध असतं. दुधातली प्रथिनं चहातलं टॅनिन धरून ठेवतात, त्यामुळे तुरटपणा जिभेला जाणवत नाही. टॉडीत दूध नाही. इथे पत्ती उकळली की सगळा कडूपणा कपात उतरतो आणि वरून घातलेली रम तो आणखी वाढवते. शिवाय प्रत्येक जिन्नसाची गरज निराळी आहे. मसाल्याला उकळी हवी, पत्तीला नको. लिंबाला आच अजिबात नको. आणि रमची बाटली उघडायची ती गॅस बंद झाल्यावरच. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. मापात थोडं इकडेतिकडे झालं तर सावरता येतं, क्रम चुकला तर सावरता येत नाही.

(टॉडी हा शब्द आपल्या ताडीवरूनच गेला आहे, पण या पेयात ताडी नसते. विचारणारे बरेच असतात म्हणून सांगितलं.)

## आधी हे वाचा

महाराष्ट्रात रमसारखी कडक दारू पिण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, सहलीला निघताना हे लक्षात असू द्या.

टॉडी हे सर्दीचं औषध नव्हे. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते गरम वाफेमुळे, आणि ते काम बिनरमचा चहाही करतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या-सिरपांनी झोप येते, दारूबरोबर ती गुंगी वाढते. पॅरासिटामॉलवर दारू घेणं यकृताला जड जातं. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर साखर अचानक उतरू शकते. गरोदर बाईला तर यातला घोटही द्यायचा नाही. आणि गाडी चालवायची असेल तर "एकच कप" हा हिशेब करू नका. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि कोणाच्या अंगात ती कधी ओलांडली जाते ते घरबसल्या कळत नाही.

## साहित्य, एका कपासाठी

- पाणी २२० मिली (उकळून, पत्तीने शोषून शेवटी साधारण १५० मिली हाती येतं)
- कोऱ्या चहाची पत्ती ४ ग्रॅम, किंवा दाणेदार चहा पावडर ३ ग्रॅम
- डार्क रम ३० मिली, म्हणजे एक छोटा पेग
- गुळाचं पाणी १५ मिली
- लिंबाचा रस १० मिली
- आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा
- दालचिनीचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा
- लवंग १, मिरे २
- लिंबाच्या सालीची एक पट्टी

मापासाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लास्टिकचं छोटं माप घ्या. त्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असतात, आणि ते बहुतेक घरांत कुठल्यातरी खणात पडलेलं असतंच. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं भरतं. "अंदाजे एक धार" तर मुळीच नको. मी पाहिलेल्या बिघडलेल्या टॉडींपैकी निम्म्या तरी या धारेनेच बिघडल्या आहेत.

चहा कोणता घ्यायचा, यावर थोडं थांबतो. घरात असते ती दाणेदार पावडर, म्हणजे सीटीसी, ही दुधाच्या चहासाठीच केलेली असते. ती पटकन आणि गडद उतरते. ती चालेल, पण वेळ काटेकोर पाळावी लागेल. अगदी बारीक भुकटी, जिला दुकानदार डस्ट म्हणतात, ती नकोच. चहा गढूळ होतो आणि गाळणीतून गाळ खाली येतो. आसामची लांब पत्ती रमला सगळ्यात जास्त मानवते, तिचा भरदार, किंचित मॉल्टसारखा स्वाद रमच्या गोडसरपणाला धरून राहतो. नीलगिरीचा चहाही चांगला, लिंबाशी त्याचं जुळतं. महागाचा दार्जिलिंग यात घालवू नका. त्याचा नाजूक सुगंध रमखाली दबून जातो आणि कपात फक्त पैसे गेलेले असतात. टी-बॅग वापरणार असाल तर एका कपाला दोन घ्या, कारण एकीत साधारण २ ग्रॅमच असतो. मसाला चहाची किंवा साखर-दूध घातलेली तयार पाकिटं यासाठी उपयोगाची नाहीत.

तपासा: पत्ती चिमटीत चोळून वास घ्या. वास आला नाही, किंवा डब्याचा, मसाल्याच्या कपाटाचा वास आला, तर तो चहा कोरा पिण्याजोगा राहिलेला नाही. दुधात हे लपतं, इथे लपणार नाही.

## टप्पा १: गुळाचं पाणी, आदल्या दिवशी

गुळाचा खडा सरळ कपात टाकणं ही नेहमीची चूक. तो विरघळेपर्यंत चहा गार होतो आणि शेवटच्या घोटाला तळाची कचकच दाताखाली येते.

१०० ग्रॅम गूळ चिरून १०० मिली पाण्यात घाला. मंद आचेवर गूळ विरघळला की लगेच गॅस बंद करा. हा पाक नाही. चिक्कीसारखा तार यायची वाट पाहिलीत तर बाटलीत घट्ट बसेल आणि चहात नीट मिसळणार नाही. गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळा. फडक्यात काय राहतं ते एकदा बघाच: उसाच्या चिपाडाचे धागे, काळपट कण, कधी बारीक खडेही. गार झाल्यावर स्वच्छ कोरड्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतं.

इशारा: गूळ आधी चाखा. काही गुळाला खारट चव असते. लाडू-चिक्कीत ती कळत नाही, चहात मात्र कळते आणि लिंबू पडलं की जास्तच कळते. खारट गूळ असेल तर साधी साखर त्याच मापाने घ्या. मध वापरणार असाल तर थंडीने बसलेला मध बाटलीसकट कोमट पाण्यात उभा करून पातळ करून घ्या, आणि १५ ऐवजी १० मिली घ्या, तो जास्त गोड असतो.

## टप्पा २: लिंबू

लिंबू कोमट पाण्यात चोळून धुवा आणि पुसा. रस काढायच्या आधी साल काढून घ्या, पिळलेल्या लिंबाची साल सोलता येत नाही. सोलणीने वरची पातळ पट्टी तेवढी काढा. खालचा पांढरा भाग कडू असतो. कागदी लिंबाची साल पातळ असल्याने हात जरा हलका ठेवावा लागतो. पट्टीच्या आतल्या बाजूला पांढरं दिसलं तर सुरीच्या पात्याने खरवडून टाका.

मग लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवा, कापा, पिळा आणि रस गाळा. एकही बी राहू देऊ नका. गरम चहात बी पडून राहिली की पाच मिनिटांत कडवटपणा उतरतो आणि लोक त्याचा दोष चहाला देतात. रस त्याच दिवशी काढा. बाटलीतला टिकवलेला रस इथे उघडा पडतो, त्याचा शिळा वास वाफेबरोबर सरळ नाकात येतो.

## टप्पा ३: कप तापवून ठेवा

हा टप्पा सगळे गाळतात. हिशेब करून पाहा. ८५ अंशांचा १५० मिली चहा, त्यात थंडीत गारठलेली ३० मिली रम, १५ मिली गुळाचं पाणी, १० मिली लिंबू. एवढ्यानेच पेय ६७-६८ अंशांवर येतं. कप थंड असेल तर आणखी उतरतं आणि दहा मिनिटांत कोमट पाणी हातात राहतं. म्हणून कपात गरम पाणी भरून दोन मिनिटं ठेवायचं आणि ओतायच्या क्षणी फेकायचं.

कप जाड चिनी मातीचा, कानाचा हवा. काचेचा ग्लास घेणार असाल तर बोरोसिलिकेट काचेचाच घ्या. जाड बुडाचे साधे ग्लास सरबतासाठी ठीक आहेत. त्यांत उकळता चहा पडला की आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते आणि काच तडकते. एका जानेवारीत माझ्याकडे पाहुण्याच्या हातातच असा ग्लास बुडापासून सुटला, पूर्ण गोल चकती निघाली आणि चहा सगळा मांडीवर. भाजलं थोडक्यात, पण तेव्हापासून साध्या ग्लासात मी गरम काही देत नाही.

इशारा: तांब्या-पितळेचे पेले दिसायला सुंदर असतात, पण आतून कल्हई नसेल तर त्यात लिंबू घातलेलं पेय ओतू नका. आंबटाने धातू सुटतो आणि पोटात जातो. स्टीलचा पेला चालतो, पण ओठ भाजतात आणि चहा लवकर निवतो.

## टप्पा ४: मसाल्याचं पाणी

मसाल्याचा डबा उघडून हाताला येईल ते टाकायचं नाही. आलं, आणि त्याच्या जोडीला दोन-तीन वास, याहून जास्त काही नको. दालचिनी आणि लवंग ही माझी नेहमीची जोडी, ठसक्यासाठी दोन मिरे. लवंग एका कपाला एकच. दोन झाल्या की जीभ बधिर व्हायला लागते आणि दाताच्या दवाखान्याचा वास येतो. चक्रीफूल घालायचं असेल तर त्याची एक पाकळी घ्या, अख्खं फूल नाही, आणि मग लवंग वगळा.

आलं ठेचा, किसू नका. किसलेलं आलं चहा गढूळ करतं. दालचिनी हाताने मोडा. मिरे खलबत्त्यात एकदा ठेचले की पुरे, पूड नको.

२२० मिली पाणी पातेलीत घ्या, आलं-मसाला घाला, झाकण ठेवा आणि मोठ्या आचेवर आधण येऊ द्या. उकळी फुटली की आच मंद करून पाच मिनिटं. झाकण महत्त्वाचं, मसाल्याचा वास म्हणजे उडून जाणारं तेल. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला याचा अर्थ तो कपात कमी राहिला.

तपासा: चमचाभर पाणी फुंकून चाखा. आल्याचा जाळ घशाशी लागला पाहिजे, दालचिनीची गोडी जिभेवर राहिली पाहिजे. फिकं वाटलं तर दोन मिनिटं आणखी. आत्ताच काय ते करा. पत्ती पडल्यावर उकळायची सोय उरत नाही.

वेलची घालायची असेल तर ती या पाण्यात नाही. तिचा वास पाच मिनिटांच्या उकळीत संपतो. ती ठेचून पुढच्या टप्प्यात पत्तीबरोबर टाका. गवती चहाचंही तसंच, एक पात कात्रीने कापून पत्तीबरोबर.

## टप्पा ५: पत्ती

गॅस बंद करा. पातेलीतली खळखळ थांबू द्या, दहा-पंधरा सेकंद. मग पत्ती टाका, एकदा हलवा, झाकण ठेवा आणि घड्याळ लावा.

लांब पत्ती: चार मिनिटं. दाणेदार पावडर: अडीच मिनिटं. टी-बॅग: तीन मिनिटं, आणि काढताना पिळायची नाही.

घड्याळ लावा म्हणतो ते अगदी शब्दशः. "रंग आला की काढू" हा रोजच्या चहाचा हिशेब इथे फसवतो, कारण रंग पहिल्या मिनिटातच येतो. अंग, म्हणजे जिभेवर जाणवणारा भरीवपणा, नंतर येतो, आणि त्याच्या मागोमाग तुरटपणा. आपल्याला मधल्या जागी थांबायचं आहे. चहा कमी कडक वाटला तर पुढच्या वेळी पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. या एका वाक्याने बहुतेकांच्या तक्रारी मिटतील.

वेळ झाली की कपातलं गरम पाणी फेका, बारीक गाळणीतून चहा कपात गाळा. गाळणीतली पत्ती चमच्याने दाबायची सवय हाताला असते, ती आवरा. दाबून निघणारे ते शेवटचे थेंब सगळ्यात कडू असतात.

तपासा: कपातला चहा लालसर तपकिरी आणि स्वच्छ दिसायला हवा, कपाचं बूड दिसावं. काळपट, दाट दिसला तर तो जास्त उतरला आहे. त्यात दोन चमचे गरम पाणी घालून सौम्य करा.

## टप्पा ६: गोड आणि आंबट, रमच्या आधी

आधी गुळाचं पाणी १५ मिली घालून ढवळा. मग लिंबाचा रस १० मिली.

रस पडताना कपाकडे बघा. गडद लालसर चहा तुमच्या डोळ्यांदेखत उजळतो आणि मधासारखा सोनेरी तांबूस होतो. चहातली रंगद्रव्यं आंबटात फिकी पडतात, त्याचा हा परिणाम. चहा पातळ झाला असं समजून कोणी पुन्हा पत्ती घालू नका. रंग मुळीच हलला नाही तर एकतर रस कमी पडला किंवा चहा फार कडक झाला.

आता चाखा. हा घोट टाळू नका. रम पडल्यावर जीभ गोड-आंबट नीट तोलू शकत नाही, म्हणून तोल आत्ताच साधायचा. या घडीला पेय तुम्हाला हवं त्यापेक्षा किंचित जास्त गोड लागलं पाहिजे. रमने ती गोडी बसते. आंबट जास्त वाटलं तर अर्धा चमचा गुळाचं पाणी, पुळचट वाटलं तर पाच-सहा थेंब लिंबू.

घरात न पिणारे, लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर त्यांचे कप इथेच बाजूला काढा. पेय इथपर्यंत पूर्ण झालेलं आहे, त्यांना काही उणं दिल्यासारखं होत नाही. फक्त कपांची ठेवण वेगळी ठेवा, वेगळ्या रंगाचे कप सगळ्यात सोपे. रात्री उशिरा मुलांना चहा नको असेल तर त्यांच्यासाठी टप्पा ४ चं नुसतं मसाल्याचं पाणी थोडं जास्त करून ठेवा.

## टप्पा ७: रम

गॅस बंद आहे ना, पुन्हा एकदा बघा. हा इशारा नुसता म्हणायचा म्हणून नाही. भारतातल्या रमची ताकद साधारण ४२.८ टक्के असते आणि एवढ्या ताकदीच्या दारूची वाफ २६ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. पेटत्या बर्नरच्या शेजारी बाटली तिरकी करणं म्हणजे सरळ आगीला बोलावणं. रम पातेलीत ओतून तापवणं, मायक्रोवेव्हमध्ये फिरवणं, हेही करायचं नाही.

रम फार गार असेल तर मोजलेली ३० मिली छोट्या वाटीत घ्या आणि ती वाटी दोन मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीत याचा फरक पडतो, मुंबईत याची गरज नाही.

चहा ओतून दोन मिनिटं झाली की रम घाला. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळत्या चहात रम पडली की वाफेचा लोट उठतो, रमचा सुगंध त्याबरोबर जातो आणि तीच वाफ नाकात शिरून ठसका लागतो. "फार स्ट्राँग आहे" असं जे लोक म्हणतात, ते बऱ्याचदा फार गरम असतं. हळू ढवळा, गोल दोनदा.

सालीची पट्टी कपावर धरून दोन बोटांत पिळा. पृष्ठभागावर तेलाचे अगदी बारीक ठिपके पसरताना दिसतील, वास तिथून येणार. मग पट्टी कपात सोडा. वर जायफळ किसायचं असेल तर किसणीवर दोनदा घासलं की बास.

प्यायच्या वेळी कप फुंकर न मारता ओठाला लावता आला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून जास्त गरम पेयांना बहुधा कर्करोगकारक म्हटलं आहे. तेव्हा चटका सोसत पिण्यात फायदा नाही, चवही कळत नाही.

६० मिली का नाही: विचारणारे नेहमी विचारतात. ३० मिलीने तयार पेयात अल्कोहोल साधारण सहा टक्के होतं, चहा आणि रम दोन्ही कळतात. मोठा पेग घातला की ते अकरा टक्क्यांजवळ जातं, पेय गार पडतं, गोड-आंबट तोल मोडतो आणि चहाचा फक्त कडूपणा उरतो. ३० मिलीत तसंही सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. गरम आणि गोड असल्यामुळे ते भराभर जातं, शिवाय चहातल्या कॅफिनमुळे चढल्याचं उशिरा जाणवतं. दुसरा कप हवा तर मध्ये तासभर जाऊ द्या आणि पोटात काहीतरी असू द्या.

## बिघडलीच तर

कडू झाली: गरम पाणी आणि थोडं गुळाचं पाणी. कडूपणा झाकायला लिंबू वाढवू नका, तुरट आणि आंबट मिळून तोंड आवळतं.

गार झाली: पुन्हा गॅसवर नाही. दोन घोट गरम कोरा चहा वरून घाला.

गढूळ झाली: कडक कोरा चहा गार होताना आपोआप गढूळतो. तो खराब झालेला नसतो, गरम चहा मिसळला की निवळतो.

आल्याचा जाळ फार झाला: याला खरंच उपाय नाही. अर्धा कप नवा चहा करून दोन कपांत वाटा, रम मात्र वाढवू नका.

## दूध घालायचंच असेल तर

ती वेगळी कृती आहे, वरच्या कपात दूध ओतायचं नाही. लिंबाने ते कपातच फाटेल. दुधाच्या कपाला लिंबू नाही, गूळ नाही (गरम दुधात गूळही पुष्कळदा दगा देतो), साखर घ्या. आलं पाण्यात आधी पूर्ण उकळून मगच दूध घाला, कच्च्या आल्यानेही दूध नासतं. चहा गाळून, गॅस बंद करून, कपात १२० मिली चहाला ३० मिली रम. वेलची, जायफळ चांगलं लागतं. मला स्वतःला हे जड वाटतं, पण जेवणानंतर गोडाऐवजी आवडणारे आहेत.

रमऐवजी ब्रँडी अगदी सहज बसते, मापंही तीच. धुरकट व्हिस्की चहाला गिळते. व्होडकाला स्वतःचा स्वादच नसतो, तेव्हा ती घालून हाती काही लागत नाही. काजूची फेणी गोव्याहून आणलेली असेल तर २० मिलीच घ्या आणि लवंग-दालचिनी पूर्ण वगळा. तिचा वास इतका दांडगा असतो की आलं आणि लिंबू एवढेच सोबती तिला पुरतात.

## आठ जणांसाठी, फ्लास्कमध्ये

गच्चीवर किंवा शेतावर शेकोटी असते तेव्हा एकेक कप करणं जमत नाही. पण एका कपाची मापं सरळ आठने गुणायची नाहीत.

पाणी १.६ लिटर, लांब पत्ती ३० ग्रॅम. मसाला चौपट पुरतो: लवंगा ४, मिरे ८, दालचिनीचे ४ तुकडे, आलं बोटभर लांब. मोठ्या पातेल्यात पाणी जास्त वेळ गरम राहतं, मसाला आपोआप जास्त उतरतो. पत्तीची वेळ तीच, चार मिनिटं. एकाच गाळणीतून गाळायला वेळ लागतो, तेवढ्यात पातेल्यातली पत्ती पुढे उतरत राहते. म्हणून पत्ती आधीच मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधून टाका आणि वेळ झाली की एका झटक्यात उचला.

स्टीलच्या फ्लास्कमध्ये उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, फेका, मग चहा आणि गुळाचं पाणी (१२० मिली) भरा. एवढंच. लिंबाचा रस वेगळ्या छोट्या बाटलीत, ८० मिली, त्यासाठी मध्यम आकाराची सहा-सात लिंबं लागतात. फ्लास्कमध्ये दोन-तीन तास गरम राहिलेलं लिंबू कडवट होतं. रमही वेगळी. फ्लास्कमध्ये मिसळली की दर वेळी झाकण उघडताना तिचा वास उडतो आणि कोणी किती घेतली याचा हिशेब राहत नाही. माप एकाच माणसाच्या हातात द्या आणि त्याने प्रत्येकाच्या कपात आधी १० मिली लिंबू, मग चहा, मग ३० मिली रम या क्रमाने घालावं. आंबट कमी-जास्त हवं असेल तर सांगायची वेळ रम पडायच्या आधीची.

इशारा: रमची बाटली शेकोटीपासून चार-पाच पावलं लांब, आणि ओतणाराही तिथेच उभा. आगीवर दारूचे थेंब टाकून भडका करून दाखवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

आणखी एक गोष्ट उघड्यावर बसणाऱ्यांसाठी. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरम रक्त वर येतं. पण तीच ऊब मग बाहेरच्या हवेत निघून जाते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. स्वेटर-शाल काढायची नाही, उलट दुसऱ्या कपानंतर कोणी "आता थंडी वाजतच नाही" म्हणालं तर त्याच्या अंगावर घोंगडी टाका आणि त्याला घरात न्या. तंबूत झोपणार असाल तर झोपायच्या दोन-तीन तास आधीच हे सगळं आटपा.

रात्री कितीही उशीर झाला तरी फ्लास्क रिकामा करून ठेवा. गूळ घातलेला चहा सकाळपर्यंत राहिला की झाकणाच्या रबरात आंबूस वास बसतो. रबर काढून वेगळं धुवा, आत गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवा, खळबळा, आणि झाकण न लावता उपडा वाळत घाला.